हृद्रोगप्रतिबंधक आरोग्यसंवर्धन कार्यक्रमांचे मूल्यमापन

एखाद्या वस्तीतील, कारखान्यातील किंवा शहरातील सर्व लोकांना उद्देशून हृद्रोग टाळण्यासाठी जे कार्यक्रम राबविले जातात, त्यांमुळे प्रत्यक्षात काही बदल घडला की नाही, घडला असल्यास किती, कोणामध्ये आणि किती खर्चात, हे ठरविण्याची पद्धतशीर रीत. आरोग्यशिक्षण, रक्तदाब व रक्तशर्करा यांची तपासणी, तंबाखूमुक्तीसाठी सल्ला, आहारातील मीठ व तेल कमी करण्याचा प्रचार, चालण्यासाठी व खेळण्यासाठी जागा उपलब्ध करून देणे इ. गोष्टींचा अशा कार्यक्रमांत समावेश होतो. औषधाच्या चाचणीत एका रुग्णास औषध व दुसऱ्यास निष्क्रिय गोळी देता येते. वस्तीच्या बाबतीत तसे करता येत नाही. एका चाळीतील एका कुटुंबास प्रचार ऐकवावयाचा आणि शेजारच्या कुटुंबास ऐकू द्यावयाचा नाही, हे अशक्य आहे. या विषयातील बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उद्‌भवतात.

हृद्‌रोहिण्यांच्या (हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या) आतील स्तरात वसायुक्त पदार्थांचे थर साचण्याची क्रिया तरुणपणीच सुरू होते व पुष्कळदा वीस-तीस वर्षे कोणतेही लक्षण न दाखविता चालू राहते. तंबाखू, अतिरक्तदाब, मधुमेह, रक्तातील कोलेस्टेरॉलाचे वाढलेले प्रमाण, पोटावरील स्थूलता, शारीरिक श्रमांचा अभाव इ. घटकांमुळे ती वेग घेते. कार्यक्रम सुरू केल्यावर दोन-तीन वर्षांत मृत्यू कमी झाले काय, असे विचारणे त्यामुळे बहुधा निरर्थक ठरते. या अल्पावधीत जोखमीच्या घटकांत पडलेला फरकच मोजता येतो. हा फरक सरासरीत अगदी लहान दिसला, तरी तो क्षुल्लक नसतो. मध्यम वयातील लोकांच्या आकुंचनकालीन रक्तदाबात केवळ २ मिमी. पारा इतकी कायमची घट झाल्यास हृद्‌रोहिणी विकाराने होणारे मृत्यू सु. ७ टक्क्यांनी व मस्तिष्काघाताने होणारे मृत्यू सु. १० टक्क्यांनी कमी होऊ शकतात, असा अनेक देशांतील निरीक्षणांच्या एकत्रित विश्लेषणावरून २००२ मध्ये निष्कर्ष काढण्यात आला. ब्रिटिश रोगपरिस्थितिवैज्ञानिक जेफ्री रोझ यांनी १९८१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, सर्व समाजाला मोठा लाभ देणारा उपाय त्यातील प्रत्येक व्यक्तीला मात्र फारच थोडा लाभ देतो. म्हणूनच असा उपाय लोकांना पटविणे कठीण जाते, आणि त्याचा परिणाम मोजणेही.

मुंबईशी संबंधित पूर्वीच्या पाहण्या : पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय खात्यातील एस्. एल्. मल्होत्रा यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेली भारतीय रेल्वे कर्मचाऱ्यांची पाहणी ही या बाबतीत आजही शिकण्यासारखी आहे. तीत १९५८–६२ या काळातील १८ ते ५५ वर्षे वयाच्या दहा लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदी विचारात घेण्यात आल्या. दक्षिणेकडील कर्मचाऱ्यांमध्ये हृद्‌रोहिणी विकाराने होणारे मृत्यू उत्तरेकडील कर्मचाऱ्यांच्या मानाने सु. सात पट आढळले. उलट, आहारातील वसेचे प्रमाण उत्तरेत कितीतरी अधिक होते. वसेचा प्रकार व जेवणाची रीत यांवर मल्होत्रा यांनी भर दिला. त्यांच्या सर्वच अनुमानांना पुढील संशोधनाने दुजोरा मिळाला असे नाही. तथापि त्यांच्याजवळ एक अशी गोष्ट होती, की जी उपनगरांतील आजच्या बहुतेक कार्यक्रमांजवळ नसते. सेवेत किती माणसे आहेत, त्यांची वये काय व त्यांपैकी किती मृत्यू पावली, हे रेल्वेच्या नोंदवह्यांवरून निश्चित कळत होते. भागाकारातील अंश व छेद दोन्ही एकाच नोंदवहीतून मिळाल्याने प्रमाण काढता येत होते.

मुंबई शहरात १९९१–९७ या काळात मतदारयाद्यांच्या आधारे घरोघर जाऊन ३५ वर्षे व त्यांपुढील वयाच्या १,४८,१७३ व्यक्तींची नोंद करण्यात आली आणि काही वर्षांनंतर त्यांचा पुन्हा शोध घेण्यात आला. प्रकाश गुप्ता व त्यांचे सहकारी यांच्या या दीर्घकालीन पाहणीतून विडी, सिगारेट व न ओढावयाचा तंबाखू यांचा मृत्युमानाशी असलेला संबंध स्पष्ट झाला. निरक्षर व अल्पशिक्षित व्यक्तींमध्ये हृदय व रक्तवाहिन्या यांच्या विकारांनी होणारे मृत्यू अधिक असल्याचेही तीत दिसून आले. हृद्रोग हा केवळ सुखवस्तू लोकांचा रोग आहे, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. मात्र ही पाहणी मूळ शहरातील होती, उपनगरांतील नव्हे. शिवाय ती निरीक्षणाची होती, कोणत्याही कार्यक्रमाची परीक्षा नव्हती.

उपनगरांतील परिस्थिती : मुंबई उपनगर जिल्हा १९९० मध्ये स्वतंत्र करण्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या प्रत्येक भागात सहकारी गृहसंस्था, जुन्या चाळी, औद्योगिक वसाहती व झोपडपट्ट्या एकमेकींना लागून आहेत. बृहन्मुंबई महानगरपालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार २०२१ मध्ये १८ ते ६९ वर्षे वयाच्या नागरिकांची नमुना पाहणी केली. तीत सु. ३४ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला व सु. १८ टक्के व्यक्तींची उपाशीपोटीची रक्तशर्करा मधुमेहाच्या मर्यादेत आढळली. त्यानंतर तीस वर्षांवरील लोकांची तपासणी रुग्णालये, दवाखाने आणि आरोग्य सेविकांच्या गृहभेटी यांच्या द्वारे करण्यास पालिकेने प्रारंभ केला. केंद्र शासनाचा असंसर्गजन्य रोगांविषयीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. यांखेरीज स्वयंसेवी संस्था, गणेशोत्सव मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ व खासगी रुग्णालये तपासणी शिबिरे भरवितात ती वेगळीच.

शिबिरांचा हिशेब : अशा उपक्रमांच्या अहवालांत बहुधा शिबिरांची, तपासलेल्या व्यक्तींची व वाटलेल्या पत्रकांची संख्या दिलेली असते. ही संख्या कामाची आहे, परिणामाची नव्हे. एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. तिसांवरील १०,००० माणसांच्या एखाद्या वस्तीत एक तृतीयांश लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे, असे समजू. म्हणजे असे सु. ३,३०० लोक झाले. वर्षभरातील शिबिरांत १,५०० माणसे आली, त्यांपैकी ३०० जणांचा रक्तदाब अधिक आढळला, १२० जण पुन्हा आले व त्यांतील ६० जणांचा रक्तदाब आटोक्यात आला. ‘पन्नास टक्के रुग्णांत यश’ असे अहवालात लिहिता येईल आणि ते खोटेही ठरणार नाही. परंतु ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता त्या ३,३०० जणांच्या मानाने ६० ही संख्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. उरलेल्यांपैकी काहीजण खासगी डॉक्टरांचे उपचार घेत असतील. त्यांची गणती करण्यासाठीही घरोघर पाहणी करणे भाग आहे.

शिबिरास येतात कोण, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. सकाळी दहा ते दुपारी एक या वेळात भरलेल्या शिबिरात गृहिणी, निवृत्त माणसे व आधीच आपल्या प्रकृतीविषयी जागरूक असलेले लोक अधिक दिसतात. पहाटेच्या उपनगरी गाडीने कामावर जाऊन रात्री परतणारा चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा कामगार, रिक्षाचालक किंवा पहारेकरी यांत सापडत नाही. हृदयविकाराचा पहिला झटका दक्षिण आशियातील लोकांना इतरत्रच्या मानाने सरासरीने काही वर्षे आधी येतो, असे बावन्न देशांतील एका तुलनात्मक अभ्यासात आढळले आहे. म्हणजे जो गट नेमका धोक्यात आहे तोच मोजणीतून निसटतो. न आलेल्यांतून यादृच्छिक पद्धतीने काही घरे निवडून त्यांच्याकडे रविवारी किंवा रात्री जाणे, हा यावरील साधा परंतु कष्टाचा उपाय होय. व तोच बहुधा टाळला जातो.

महाराष्ट्रातील भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत आरंभीच्या टप्प्यात सुरू झालेल्या भारतीय अतिरक्तदाब नियंत्रण उपक्रमाने (स्थापना २०१७) या दृष्टीने एक चांगला पायंडा पाडला. एका तिमाहीत नोंदविलेल्या सर्व रुग्णांचा एक गट धरून पुढे त्यांपैकी कितींचा रक्तदाब १४०/९० मिमी. पारा यापेक्षा खाली आला, कितींचा आला नाही व किती जण आलेच नाहीत, हे तीन आकडे त्यात मांडले जातात. न आलेला रुग्ण छेदातून वगळला जात नाही. या उपक्रमास २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. तरीसुद्धा ही पद्धत नोंदणी झालेल्यांपुरतीच आहे. कधीच नोंदणी न झालेले लोक तिच्याही बाहेर राहतात.

मोजमापातील दोष : एका दिवशी केलेल्या मोजणीत ज्यांचा रक्तदाब जास्त आढळला, तेवढ्यांनाच निवडून महिन्याने पुन्हा मोजल्यास त्यांची सरासरी काहीही उपचार न करता खाली आलेली दिसते. रक्तदाब क्षणोक्षणी बदलत असल्याने पहिल्या दिवशी योगायोगाने जास्त आलेली मापे दुसऱ्या वेळी आपल्या नेहमीच्या पातळीकडे परत येतात. ही सांख्यिकीतील जुनी व परिचित गोष्ट आहे. परंतु जागरूकतेच्या व्याख्यानानंतर रक्तदाब उतरल्याचे जे दावे केले जातात, त्यांतील बराचसा भाग तिच्यामुळेच असतो. यासाठी व्यक्तीस पाच मिनिटे बसवून तीन मापे घेणे व शेवटच्या दोहोंची सरासरी धरणे, पट्टा दंडाच्या मापाचा वापरणे आणि सर्व गटांत सारखेच उपकरण ठेवणे आवश्यक असते. जिने चढून नुकतीच आलेली व्यक्ती किंवा गर्दीत उभ्याने घेतलेले माप यांचा भरवसा धरता येत नाही.

प्रश्नावल्यांचा दोष वेगळ्या प्रकारचा आहे. धूम्रपानाविषयीच विचारल्यास महाराष्ट्रातील तंबाखूचा मोठा भाग नजरेआड होतो. २०१६–१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार राज्यातील २४·४ टक्के प्रौढ न ओढावयाचा तंबाखू वापरीत होते. धूम्रपान करणारे केवळ ३·८ टक्के होते. मिशरी लावणाऱ्या स्त्रीला आपण तंबाखूचे सेवन करतो असे वाटतही नसते. म्हणून मिशरी, गुटखा, तंबाखू-चुना व मावा अशी नावे घेऊनच विचारावे लागते. त्याचप्रमाणे ‘व्यायाम करता काय ?’ या प्रश्नास घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरील वस्तीत पाण्याचे हंडे घेऊन पायऱ्या चढणारी स्त्री ‘नाही’ असेच उत्तर देईल, तर अंधेरीतील कार्यालयात दिवसभर बसून राहणारा व आठवड्यातून दोनदा व्यायामशाळेत जाणारा गृहस्थ ‘होय’ म्हणेल. या दोषामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत काम, प्रवास व फुरसत अशा तिन्ही प्रसंगांतील हालचालींची स्वतंत्र विचारणा केलेली असते. आहाराच्या बाबतीत माणशी तेल किती, हे विचारण्यापेक्षा घरात महिन्याला किती तेल येते व किती माणसे जेवतात, हे विचारणे अधिक उपयुक्त ठरते. बाहेर खाल्लेले वडे, भजी व फरसाण मात्र या हिशेबात येत नाहीत. मिठाचे खरे माप चोवीस तासांतील मूत्रातून उत्सर्जित होणाऱ्या सोडियमावरून मिळते. कामावर जाणाऱ्या माणसाकडून ते गोळा करून घेणे किती कठीण आहे, हे सांगावयास नकोच.

प्रचार ऐकल्यावर लोक बदलतात त्याहून त्यांची उत्तरे लवकर बदलतात. मीठ कमी करावे हे समजलेला माणूस ‘कमी खातो’ असे सांगू लागतो. यास्तव सांगितलेल्या गोष्टींना शक्य तेथे शरीरातील मापांची (उदा., तंबाखूसाठी लाळेतील कोटिनिनाची) जोड द्यावी लागते.

तुलनेचा प्रश्न : कार्यक्रमानंतर बदल दिसला, तरी तो कार्यक्रमामुळेच झाला असे म्हणण्यासाठी तुलनेची वस्ती लागते. फिनलंडमधील उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प या क्षेत्रात सर्वांत प्रसिद्ध आहे. तेथील पुरुषांत हृद्रोगाचे मृत्युमान अतिशय मोठे असल्याने रहिवाशांनीच शासनाकडे मदतीची मागणी केली होती. शेजारचा क्वोपिओ प्रांत तुलनेसाठी घेऊन दर पाच वर्षांनी पाहण्या करण्यात आल्या. पुढील चार दशकांत कामकऱ्या वयाच्या पुरुषांतील हृद्‌रोहिणी विकाराचे मृत्युमान ८० टक्क्यांहून अधिक घटले. मात्र तुलनेच्या प्रांतात व सबंध देशातही ते जवळजवळ तितकेच उतरले. कार्यक्रमाचा प्रभाव सीमा ओलांडून पसरला, की देशात अन्य कारणांनी होत असलेला बदलच दोन्हीकडे दिसला, यावर तज्ञांत दीर्घकाळ वाद झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल व गिलरॉय या गावांत प्रचार करून ट्रेसी हे गाव तुलनेसाठी ठेवण्यात आले, तेव्हा (१९७२–७५) फरक दिसला. परंतु १९८० मध्ये आरंभिलेल्या व सहा शहरांचा अंतर्भाव असलेल्या मिनेसोटा प्रकल्पात, पुष्कळ खर्च करूनही, दोन्ही गटांत विशेष अंतर पडले नाही. कारण त्या काळात सबंध अमेरिकेतच धूम्रपान व कोलेस्टेरॉल कमी होत होते. या अनुभवामुळे पुष्कळांनी असे कार्यक्रम निरुपयोगी ठरविले, ते घाईचे होते. कार्यक्रम निष्फळ ठरणे आणि त्याचे फळ वेगळे काढून दाखविता न येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

भारतात दहा ठिकाणच्या उद्योगांतील (त्यांत पुणे व नागपूर होते) कामगार व त्यांचे कुटुंबीय यांच्या पाहणीवर आधारलेल्या एका प्रकल्पाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आरोग्यशिक्षण व उपहारगृहांतील बदल यांसारखे उपाय योजलेल्या ठिकाणी सरासरी रक्तदाब, रक्तशर्करा व कोलेस्टेरॉल यांत घट दिसली, तर तुलनेच्या ठिकाणी तशी घट झाली नाही. कारखान्यात माणसे ठरावीक व उपहारगृह एक असल्याने असे काम तुलनेने सुकर होते.

उपनगरांत तसे नाही. मुलुंडमध्ये कार्यक्रम राबवून घाटकोपर तुलनेसाठी घ्यावयाचे म्हटल्यास दोन्हीकडचे लोक एकाच गाडीने जातात, तीच वृत्तपत्रे वाचतात, तीच दूरचित्रवाणी पाहतात, आणि एकाची बहीण दुसऱ्या भागात नांदत असते. राज्यातील २०१२ ची गुटखाबंदी, सार्वजनिक स्थळी धूम्रपानास २००८ पासून झालेली मनाई, खाद्यतेलांतील ट्रान्स मेदाम्लांवर जानेवारी २०२२ पासून आलेली दोन टक्क्यांची मर्यादा या सर्व गोष्टी दोन्ही भागांत एकाच वेळी लागू झाल्या. २०२०–२१ मधील कोविडच्या साथीने तर आधीच्या व नंतरच्या मापांची साधी तुलनाच अशक्य करून ठेवली. मृत्यू, उपचारांत पडलेला खंड, वजनवाढ व स्थलांतर यांचा परिणाम वेगळा काढणे फार कठीण आहे.

त्यात पुनर्विकासाची भर पडते. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची स्थापना १९९५ मध्ये झाल्यापासून उपनगरांतील पुष्कळ वस्त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. पाच वर्षांनी त्याच पत्त्यावर गेलेल्या आरोग्य सेविकेस पूर्वीची माणसे भेटत नाहीत. काही संक्रमण शिबिरात, काही विरार वा बदलापूरकडे गेलेली असतात. नव्याने आलेल्या सुस्थितीतील कुटुंबांमुळे वस्तीची सरासरी सुधारलेली दिसली, तर ते श्रेय कार्यक्रमाचे नव्हे. म्हणून पत्त्यांऐवजी व्यक्तींचा मागोवा घेणे व स्थलांतरितांचे आकडे वेगळे दाखविणे आवश्यक ठरते.

वस्त्यांची संख्या : मूल्यमापनात माणसे किती यापेक्षा वस्त्या किती, याला अधिक महत्त्व आहे. एकाच चाळीतील लोक जात, उत्पन्न, आहार व दुकान या बाबतींत एकमेकांसारखे असल्याने त्यांच्यापासून मिळणारी माहिती अंशतः पुनरुक्त असते. वीस चाळींतून प्रत्येकी ५० याप्रमाणे १,००० माणसे घेतली व चाळीतील साम्याचा गुणांक ०·०२ इतका अल्प धरला, तरी नमुन्यावरून काढलेल्या अंदाजाचे प्रचरण (प्रमाण चुकीचा वर्ग) १ + (५० − १) × ०·०२ = १·९८ या गुणकाने वाढते; म्हणजे त्या हजार माणसांचे मोल स्वतंत्रपणे निवडलेल्या सु. ५०५ माणसांइतकेच राहते. एक वस्ती कार्यक्रमासाठी व एक तुलनेसाठी, अशी जी योजना पुष्कळदा केली जाते, तीत माणसे कितीही असली, तरी तुलना दोनच गोष्टींची असते.

मृत्यूंच्या नोंदी : अखेरची कसोटी मृत्युमानाची असली, तरी मुंबईत तिचा उपयोग जपून करावा लागतो. जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते. मुलुंडचा रहिवासी परळच्या रुग्णालयात मृत्यू पावल्यास, राहण्याच्या पत्त्यावरून आकडे पुन्हा लावल्याशिवाय तो मुलुंडच्या हिशेबात येत नाही. रुग्णालयातील मृत्यूचे कारण नमुना ४ मध्ये व इतरत्र घडलेल्या मृत्यूचे नमुना ४-अ मध्ये डॉक्टर प्रमाणित करतो. पण घरी अकस्मात मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या बाबतीत ‘हृदय व श्वसन बंद पडणे’ असे लिहिले जाते, तेव्हा ते मृत्यूचे वर्णन असते, कारण नसते. नातेवाइकांना लक्षणे विचारून कारण ठरविण्याची पद्धत अशा वेळी पूरक म्हणून वापरतात.

तुलनेच्या वस्तीस कार्यक्रमापासून वंचित ठेवणे कितपत न्याय्य, हा आक्षेप वारंवार घेतला जातो. विशेषतः तेथे तपासणीत कोणाचा रक्तदाब १८० मिमी. पारा आढळला, तर त्याला उपचाराविना सोडता येत नाही. म्हणून अलीकडे टप्प्याटप्प्याने विस्ताराचा मार्ग पसंत केला जातो. सर्व वस्त्यांत आरंभी एकदा मोजणी करून नंतर कोणत्या वस्तीत कार्यक्रम आधी पोहोचावा हे चिठ्ठ्या टाकून ठरवितात व दर सहा महिन्यांनी सर्वत्र पुन्हा मोजणी करतात. उशिरा पाळी येणारी वस्ती तोवर तुलनेची म्हणून उपयोगी पडते आणि शेवटी कोणीही वगळले जात नाही. मनुष्यबळाच्या अभावी पालिकेला सर्व विभागांत एकदम काम सुरू करता येत नाहीच. तो क्रम सोयीने न ठरविता चिठ्ठ्यांनी ठरविल्यास मूल्यमापनासाठी लागणारा जादा खर्च मुख्यतः मोजणीपुरता राहतो.